दत्तजयंतीची ओहोटी

आमच्या घरातून कुणी कधी नुसतं फिरायला म्हणून कुठे गेल्याचं मला आठवत नाही. लग्नाला जायचे, दहाव्याला जायचे, बाजाराला तर रोजच जायचे. पण एखादी जागा केवळ बघायची म्हणून गाव सोडायचं, ही गोष्ट आमच्यात नव्हती. त्याला कारण फुलं. मखमलाबादच्या शिवारात आमचा मळा होता, आणि त्यात गुलाब, शेवंती, निशिगंध, गलांडा असं काही ना काही वर्षभर फुललेलं असायचं. फुलाला सुट्टी कळत नाही. आज तोडलं नाही तर उद्या ते झाडावरच वय होऊन बसतं, मग त्याला देवही विचारत नाही आणि गिऱ्हाईकही. पहाटे सगळ्यांनी तोडणीला जायचं, उजाडेपर्यंत पाट्या भरायच्या, त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकायचं, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या सायकलवर बांधून पंचवटीच्या फूलबाजारात न्यायच्या. मागे राहिलेल्या फुलांचे हार आणि गजरे घरी व्हायचे. विहिरीवरच्या इंजिनाची भकभक, चुलीपुढे भाकरी थापल्याचा आवाज आणि सुईतून दोरा ओढला की होणारा बारीक सळसळाट, हे आमच्या घराचे आवाज. अजूनही कुठे देवळाबाहेर हार ओवणारी बाई दिसली की मी थांबते. घ्यायचं काहीच नसतं, तो सळसळाट तेवढा ऐकायचा असतो.

हार ओवण्यात काकूचा हात धरणारं कुणी नव्हतं. काकू म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची बायको, लीला. काका कावीळ होऊन गेले तेव्हा त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि मी अगदी लहान होते. काकांचा चेहराही मला नीट आठवत नाही. काकूचं माहेर सटाण्याकडचं. तिकडे भावाचा संसार मोठा, घर लहान. ती आमच्याकडेच राहिली, आणि राहिली ती अशी की घरातलं निम्मं काम तिच्या हातून कधी होऊन जायचं ते कळायचं नाही. गोरी, उंच, पदर डोक्यावरून कधी न ढळणारी. दिवसभर फुलांत बसायची, स्वतःच्या केसांत मात्र एक पाकळीसुद्धा नाही. माहेरची अहिराणी तिने सासरी आल्यावर बाजूला ठेवून दिली होती. आमच्याशी ती आमच्यासारखं बोलायची. फक्त गायीशी अहिराणीत बोलायची, आणि गायीलाही ते चालायचं.

अण्णा आणि काकू एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिराने भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनेही त्यांच्यासमोर तोंड वर करायचं नाही. अण्णा जेवायला बसलेले असायचे, काकू हातभर अंतरावर भाकरी भाजत असायची, आणि अण्णा आईला म्हणायचे, "तिला म्हणावं, आज पाटीतली शेवंती बारीक निघाली." मग काकू आईलाच सांगायची की वरच्या वाफ्यातली होती, खालची अजून भरली नाही. आई मध्ये बसून काही न बोलता जेवत राहायची, कारण निरोप पोचलेलाच असायचा. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी जन्मापासून तेच बघत आले होते.

कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. मी प्राणिशास्त्र घेतलं याचं अण्णांना शेवटपर्यंत कोडं होतं. गुरं-ढोरं तर घरचीच आहेत, त्यासाठी कॉलेज कशाला, असं ते म्हणायचे. आम्हाला पाठक मॅडम शिकवायला होत्या. कोजागिरी झाल्यावर एका तासाला त्यांनी फळ्यावर कच्छचं आखात काढलं आणि सांगितलं की तिथे जामनगरजवळ सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आम्हाला उद्यान म्हटलं की वाघ आणि जीप एवढंच माहीत. मॅडम म्हणाल्या, इथे समुद्र मोठ्या ओहोटीला खूप आत सरकतो, प्रवाळाचा तळ उघडा पडतो, आणि माणसं पायी चालत त्या तळावर जातात. खडकाखडकांत पाणी साचून राहिलेलं असतं, त्यात मासे, खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपससुद्धा. वर्गाला तिथे न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. जायची तयारी आतापासूनच करायला हवी होती, कारण वनखात्याची परवानगी लागणार होती आणि ओहोटी बघूनच दिवस धरावा लागणार होता.

परवा माझ्या लेकीने असाच एक समुद्रकिनाऱ्याचा बेत ठरवला. चहाला उकळी येईपर्यंत तिने मोबाइलवर गाडी, खोली, ओहोटीची वेळ सगळं बघून टाकलं आणि कपात चहा ओतताना म्हणाली, झालं. मला कौतुकच वाटलं. आमचा बेत ठरायला निम्मा आश्विन, अख्खा कार्तिक आणि निम्मा मार्गशीर्ष लागला होता.

मॅडमनी सांगितलं त्याच रात्री जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. मेथीची भाजी होती, बाजरीची भाकरी होती, आणि काकू तव्यापुढे होती. मी समुद्राच्या तळावर चालत जायचं म्हणाले तेव्हा तिचा थापता हात परातीवर तसाच राहिला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडणारे नव्हते; नाही म्हणायची त्यांची वेगळी तऱ्हा होती. ते म्हणाले, "लय लांब हाय ते. घरातलं एखादं बाईमाणूस संगं असल तर बघू." घरातलं बाईमाणूस म्हणजे आई, आणि आई मळा सोडून पंचवटीच्या पलीकडे गेली नव्हती. म्हणजे अण्णांनी नाही म्हणून टाकलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना तसंच सांगितलं. मला वाटलं होतं तशा त्या हळहळल्या नाहीत. उलट म्हणाल्या, फार बरं होईल. एवढ्या मुलींबरोबर मी एकटीच आहे, कुणीतरी घरचं मोठं माणूस मला हवंच होतं. आईंना घेऊन ये. दिवस ठरला होता तो मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या लगतचा. त्या वेळी समुद्र सगळ्यात जास्त मागे जातो, आणि थंडी असल्याने उन्हाचाही त्रास नाही.

मार्गशीर्षातली पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. फुलांच्या घरात त्याचा अर्थ काय हे वेगळं सांगायला नको. मार्गशीर्षातले गुरुवार आधीच अंगावर असतात, त्यात दत्तजयंती आली की बाजारात फूल उरत नाही. समुद्राची आणि आमच्या बाजाराची पंचांगं अशी समोरासमोर येऊन उभी राहिली. चंद्र भरला की तिकडे पाणी ओसरणार आणि इकडे मागणी चढणार. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईला हसू आलं. ती म्हणाली की त्या दिवशी ती स्वतः गेली तर अण्णा तिला समुद्रातच सोडून यायला सांगतील. 

"मी जाते," काकू म्हणाली.

ती आईशी बोलत होती, पण अण्णा तिथेच होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुढचे कितीतरी दिवस तसेच गेले. अण्णा शेवंतीबद्दल बोलायचे, दोऱ्याच्या रिळाबद्दल बोलायचे, या विषयावर एक शब्द काढायचे नाहीत. आम्हीही विचारलं नाही. आमच्या घरात उत्तर मागायची पद्धत नव्हती. ते पिकू द्यायचं.

पण तयारी थांबली नाही, आणि ती आईने थांबू दिली नाही. मॅडमनी सांगितलं होतं की प्रवाळ पायाला कापतो, अनवाणी किंवा चपलेत चालता येणार नाही, प्रत्येकीने कॅनव्हासचे बूट आणायचे. मी काकूला म्हणाले, अजून कशाचा पत्ता नाही, बूट कसे घ्यायचे. आई निवडत असलेल्या शेंगांवरून डोळे न काढता म्हणाली, "घेऊन ठेवा. नाय गेलात तर निशिगंधाला पाणी द्यायला कामी येतील." आम्ही दोघी मेन रोडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला आधी विचारलं, शाळेसाठी का? मी काकूकडे बोट दाखवलं. नऊवारीतल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या पायात त्याने मुलांच्या कवायतीचे पांढरे बूट चढवले आणि नाडी बांधायला खाली वाकला, तेव्हा काकूने पाय मागे घेतला. परक्या माणसाने पायाला हात लावायचा नाही म्हणून ती स्वतःच वाकली, पण तिला नाडी बांधता येत नव्हती. मी खाली बसून बांधून दिली. घरी आल्यावर रोज दुपारी, अण्णा बाजारातून यायच्या आधी, ती ते बूट घालून गुलाबाच्या दोन ओळींमधून चालून बघायची. आधी पाय उचलून उचलून टाकायची, चिखलात चालल्यासारखी. मग सवय झाली. एकदा मला म्हणाली की बुटात टाच दुखत नाही, हे आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही.

एका दुपारी मी तिला विचारलं, तुला एवढं का जावंसं वाटतंय? ती बांधावर बसून नाडी सोडत होती. म्हणाली, "रामकुंडात आपण काय काय सोडतो. फुलं, दिवे, माणसांच्या राखासुद्धा. सगळं समुद्राला मिळतं म्हणतात. बघावं एकदा तो कसा हाय." मी शिकलेली ना, मी लगेच सांगितलं की गोदावरी तिकडे जात नाही, ती उलट्या बाजूला, पूर्वेच्या समुद्राला मिळते, आपण जाणार तो पश्चिमेचा. काकूने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आतून एकच असल ना."  एका अर्थी तिचं बरोबरच होतं.

मार्गशीर्ष लागला आणि भाऊकीतले तात्या घरी आले. नात्याने अण्णांचे चुलते, गावात त्यांच्या शब्दाला वजन. बूट घेतल्याची बातमी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली असणार. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं, ऊस कसा आहे, द्राक्षाला यंदा थंडी मानवेल का, असं सगळं बोलून झालं, आणि मग विषय काढला. त्यांचं बोलणं रागाचं नव्हतं. ते म्हणत होते की पोरीचं एक वेळ ठीक आहे, कॉलेजचं आहे. पण मागे कुणी नसलेली बाई, ती बूट घालून परमुलखात हिंडायला निघाली, हे लोकांना कसं दिसेल. उद्या कुणी काही बोललं तर तुलाच खाली बघावं लागेल. तुझा भाऊ असता तर गोष्ट वेगळी होती. आम्ही तिघी आत दाराशी होतो. आई, मी आणि काकू. काकूच्या हातात अर्धवट हार होता आणि सुई तशीच फुलात अडकलेली होती.

 मला वाटलं, झालं, आता अण्णा मान हलवतील आणि तात्या उठतील. पण उठले ते अण्णाच. दारापर्यंत आले, आणि चौकटीबाहेर थांबून, आईकडे नव्हे, माझ्याकडे नव्हे, थेट काकूकडे बघून म्हणाले,

"बाई, तुमच्या मनात काय हाय, ते तुम्हीच सांगा."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. काकूने सवयीने आईकडे पाहिलं. आईने नजर खाली घातली. या वेळी निरोप न्यायला ती तयार नव्हती.  काकूचं उत्तर आलं ते आमच्या बोलीत नव्हतं.

"माले जानं शे," ती म्हणाली.

तेवढंच. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती. अण्णा तसेच मागे फिरले, तात्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "त्यांना जायचंय तात्या. चहा घ्याल ना?" तात्यांनी चहा घेतला. जाताना मला जवळ बोलावून म्हणाले की तिकडे खारं वारं असतं, कानाला बांधायला काहीतरी न्या. माणसं एकदम पालटत नाहीत, पण थोडी सरकून जागा देतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. आईने दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. जणू गुजरातेत अन्न मिळतच नाही. काकू मात्र फुलांच्या चिंतेत. दत्तजयंतीचे हार कोण करणार? त्यावर अण्णा जे बोलले त्याने आई हातातलं काम सोडून बघत राहिली. ते म्हणाले, "त्यांना विचार, गाठ कशी मारतात. मी शिकतो." एवढं होऊनही पुन्हा आईमार्फतच, रीत एका दिवसात जात नाही. पण शिकायला त्यांना काकूसमोर बसावंच लागलं. मोठ्या, नांगराने घट्टे पडलेल्या बोटांत ती सुई दिसतसुद्धा नव्हती. त्यांचा पहिला हार तिरका झाला, दुसरा जरा बरा. काकू तो हातात घेऊन फिरवून बघायची आणि आईला सांगायची की दोरा फार ओढतात, देठ तुटतात. अण्णा मान डोलवायचे.

आम्ही निघालो. एसटीने सापुताऱ्याचा घाट उतरून सुरत, तिथून रेल्वे. प्रवासातलं मला फारसं आठवत नाही, एवढंच की एसटीतच आमच्या वर्गातल्या मुली काकूभोवती गोळा झाल्या होत्या आणि दशम्या सुरतेलाच संपल्या. सकाळी आम्ही त्या किनाऱ्यावर उभ्या होतो, तेव्हा समोर समुद्र नव्हता. चिखल, शेवाळ, काळपट खडक, आणि फार लांब एक चकाकती रेघ. काकू म्हणाली, गेला की काय? आमच्याबरोबरचा वाटाड्या हसला आणि पुढे चालू लागला. आम्ही एकीमागे एक त्याच्या पावलावर पाऊल टाकत निघालो. काकूने नऊवारीचा काचा वर खोचला होता, आणि तिची पावलं आम्हा सगळ्यांपेक्षा सराईत पडत होती.

खडकांमधल्या डबक्यांत एवढं काही होतं की कुठे बघावं कळेना. वाटाड्याने एका डबक्यातून हलकेच एक मासा ओंजळीत घेतला. हाताला लागताच तो फुगायला लागला, आणि बघता बघता चेंडूसारखा गोल झाला, चेहरा मात्र तसाच, रागावलेला. काकू हसली. मला वाटतं मी तिचं तसं हसणं त्याआधी ऐकलं नव्हतं. मागच्या मुली वळून बघायला लागल्या, मॅडमही. मासा पाण्यात सोडला तसा तो लहान होऊन निघून गेला, आणि ती हसतच राहिली, डोळ्यांना पदर लावत. पुढे अष्टपाद दिसला, खडकाच्या रंगाचा, आणि बघता बघता तो दुसऱ्या रंगाचा झाला. तिने मॅडमना विचारलं की याला कळतं कसं कोणता रंग घ्यायचा. मॅडमनी वर्गात आम्हाला सांगावं तसं तिला सगळं नीट सांगितलं, आणि तिने ते तसंच ऐकलं. मला राहून राहून वाटत होतं की आता ती काकांची आठवण काढील, रामकुंडाचं काहीतरी बोलेल. तिने काढली नाही. ती त्या सकाळी कुणाचीच नव्हती, आपली आपली होती. हे मला तेव्हा समजलं नाही. माझं स्वतःचं वय झाल्यावर समजलं.

पाणी परत यायला लागलं तेव्हा वाटाड्याने हाक दिली. आम्ही सगळ्या माघारी वळलो. काकू सगळ्यात शेवटी निघाली, आणि येताना दर दहा पावलांवर मागे वळून बघत होती, खडक एकेक करून कसे बुडतायत ते.

घरी आलो त्या संध्याकाळी अण्णा ओट्यावर होते. दत्तजयंती पार पडली होती, हार गेले होते, तिरके का असेनात. त्यांच्या बोटांना सुईच्या टोचण्या दिसत होत्या. जेवायला बसल्यावर त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग म्हणाले, "कसं होतं तिथलं?" आणि प्रश्न कुणाला आहे हे कळावं म्हणून काकूकडे मान वळवली. काकू सांगायला लागली. फुगणारा मासा तिने गाल फुगवून दाखवला. समुद्र कसा मागे गेला आणि आम्ही यायला लागलो तसा कसा पुढे आला, डबकी कशी होती, कोणता खेकडा उलटा चालतो, सगळं. निम्मं आमच्या बोलीत, निम्मं अहिराणीत, आणि कुणाला काही अडलं नाही. अण्णा मध्येमध्ये विचारत होते, ती सांगत होती. भाकऱ्या थंड होऊन गेल्या.

 सगळ्यांचं ऐकून झाल्यावर आईने आपलं ताट बाजूला सारलं आणि अण्णांना म्हणाली, "पुढच्या साली दत्तजयंतीला मी जाणार हाय. हार तुम्ही करा."

अण्णांनी आधी हसण्यावारी नेलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नेलं नाही. पुढच्या मार्गशीर्षात आई खरोखरच गेली. मी तेव्हा परीक्षेत अडकले होते, मॅडम दुसऱ्या गावी बदलून गेल्या होत्या, बरोबर नेणारं कॉलेज नव्हतं की वर्ग नव्हता. त्या दोघीच गेल्या, दोघी जावा. पंचांग बघून दिवस काकूनेच धरला, सुरतेची गाडी काकूनेच विचारून ठेवली, आणि खडकांवर पोचल्यावर ती पुढे झाली, आई तिच्यामागून.